आधी कविता की आधी गाणं?

कोजागरीला दहा-बारा माणसं घरी बोलवायची, प्रत्येकाने मनाच्या जवळचं एक गाणं लावायचं आणि सोबत चार ओळी वाचायच्या, असा बेत आमच्याकडे गेली काही वर्षं असतो. पहिल्या दोन खेपा साफ फसल्या. गाणी चांगलीच होती, पण ओळी वाचायची वेळ चुकत होती. तुम्ही असं काही ठरवत असाल तर अभंग, निर्गुणी भजन (निराकार देवाचं, कबीरासारख्या संतांचं), गझल आणि भावगीत या चौघांचा स्वभाव आधी बघून घ्या. कुणाच्या आधी वाचायचं, कुणाच्या नंतर आणि कुठे वही मिटून ठेवायची, ते त्यावरूनच ठरतं.

अभंगाला वाचनाची गरज जवळजवळ नसतेच. तुकोबांचं हे बघा:

सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी ।
कर कटावरी । ठेवोनिया ॥

अक्षरं बोटांवर मोजा. सहा, सहा, सहा आणि चार. मधले दोन चरण यमकाने बांधलेले, शेवटचा दोन अक्षरांनी तोकडा. गाताना ती मोकळी जागा टाळ भरून काढतो. नुसतं वाचलं की तिथे एक पायरी चुकल्यासारखं होतं आणि समोरचे ‘पुढे?’ अशा चेहऱ्याने बघतात. त्यात निम्म्यांना ओळी पाठ. तेव्हा वाचू नका, सरळ लावा. राम फाटकांच्या चालीतला, भीमसेन जोशींनी गायलेला नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ लावलात तर मांडीवर ताल धरणारे हात मोजून बघा. धोका एकच, एकाला जोडून दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता भजनी मंडळ सुरू. सुरुवातीला एक अभंग पुरे.

निर्गुणीचं गणित उलटं. कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. काही वर्षं गाणं बंद. त्या काळात माळव्यातली लोकगीतं, फिरत्या गायकांची भजनं त्यांच्या कानावर पडत राहिली आणि पुढे त्यांचा कबीर त्याच मातीतून उभा राहिला. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं, त्यामुळे लांब तानांऐवजी छोटे, तुटक, नेमके स्वरसमूह. ऐकायला विलक्षण, पण नवख्याच्या हातून शब्द निसटतात. भाषाही आपली नव्हे. म्हणून इथे ओळी आधी वाचाव्यात, सावकाश आणि एकदाच:

उड जायेगा हंस अकेला
जग दर्शन का मेला
जैसे पात गिरे तरुवर के
मिलना बहुत दुहेला

‘दुहेला’ म्हणजे अवघड, एवढं सांगा आणि गप्प बसा. झाडावरून गळलेलं पान परत फांदीला भेटणं अवघड, हे डोक्यात असलं की मग प्रत्येक तुटका स्वर पानासारखा पडताना ऐकू येतो. याला शांतता मात्र लागते. आमच्याकडे नेमका याच वेळी स्वयंपाकघरात मसाला दुधासाठी बदामांचा मिक्सर फिरला होता. लहान मुलं जागी असतील तर हा प्रकार उशिरापर्यंत राखून ठेवा.

गझलेत मी सगळ्यात जास्त चुका केल्या. वाचायला ती इतकी सोयीची की हात आपोआप पुस्तकाकडे जातो. पण सुरेश भटांचा हा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, घ्या: ‘केव्हातरी पहाटे उलटून रात गेली, मिटले चुकून डोळे हरवून रात गेली’. ‘रात गेली’ हा रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्दसमूह, त्याआधीचे ‘उलटून’, ‘हरवून’ हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द. पुढच्या प्रत्येक शेरात पहिली ओळ ऐकताना आपण मनात काफिया शोधत असतो, आणि तो दुसऱ्या ओळीच्या शेवटाशी येऊन टपकतो. सगळी गंमत त्या वाट बघण्यात. गाणारा म्हणूनच पहिली ओळ घोळवतो, पुन्हा म्हणतो, ताणतो. आधीच वाचून दाखवलीत तर उत्तर सांगून कोडं घातल्यासारखं. आशा भोसल्यांनी हृदयनाथांच्या चालीत गायलेली ही गझल आधी ऐकवा. त्यातल्या आवडलेल्या एका शेरावर बोलायचं ते नंतर.

गेल्या वर्षी भाच्याने अमेरिकन ब्लूज लावलं तेव्हा मजा वाटली. तिथेही पहिली ओळ दोनदा गातात आणि तिसरी यमक जुळवून घाव घालते. इंग्रजी फारसं न कळणाऱ्या आमच्या मावशींनी तिसऱ्या ओळीला अचूक ‘वाहवा’ दिली. उर्दूकडे जायचं असेल तर बेगम अख्तर. त्यांच्या आवाजाला वरच्या सुरात जी चीर पडते, तिच्यापुढे कुणाचंही वाचन थिटंच पडतं.

भावगीताबद्दल फार सांगायला नको. वाचलंत तरी चालतं, नाही वाचलंत तरी चालतं, सगळे बरोबर गाणारच. अडचण तीच. अरुण दाते सुरू झाले की पाच मिनिटांत अंताक्षरी. मंडळी एकमेकांना नवीन असतील, थोडी अवघडलेली असतील, तर जरूर लावा. ओळखीचीच असतील तर मी टाळतो.

एकच प्रकार निवडायचा असेल तर पाहुणे मिश्र वयाचे असताना मी अभंग घेईन, पाच-सहाच जण आणि रात्र हाताशी असताना निर्गुणी. गझल अशाच घरी, जिथे मधे कुणी बोलत नाही.

आणि शेवटाला किशोरी आमोणकरांची भैरवी, ‘अवघा रंग एक झाला’. अभंग असूनही इथे मी माझाच नियम मोडतो, कारण तो चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंचा आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. नाव आधी सांगू नका. गाणं संपू द्या, मग अभंगातली त्यांची नाममुद्रा वाचा: ‘म्हणे चोखियाची महारी’. आमच्याकडे त्यानंतर बराच वेळ दुधाचे पेले तसेच राहिले होते.