एफसी-१५० च्या हरिकेन इंजिनाचं ट्यूनिंग: आठ महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे महिंद्राचा एफसी-१५० आहे. नाक नसलेला, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे इंजिन घेऊन धावणारा हा छोटा ट्रक महिंद्राने १९६५ साली आणला. इंजिन विलीसचं हरिकेन, चार सिलिंडर, २.२ लिटर, पेट्रोल. आठ महिन्यांपूर्वी तो घाटात दम टाकू लागला, स्लोला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) लटपटू लागला, म्हणून मी ट्यूनिंगचे खरे आकडे शोधायला घेतले.

आठवड्याभरात टॅपेटच्या गॅपचे, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना त्याला ढकलणाऱ्या भागापाशी ठेवायच्या फटीचे, तीन आकडे जमले. जुन्या बाजारात मिळालेल्या पुस्तिकेत इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीकडे १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दुसऱ्याने १४ सांगितलं. आमचे मिस्त्री काका म्हणाले, "एक्झॉस्ट जास्त तापतो, त्याला दोन थाऊ जास्तच द्यायचे." कुणीच खोटं बोलत नव्हतं. १४ थाऊ हा महायुद्धातल्या जीपचा आकडा, १६-१६ त्यानंतरच्या जीपचा. ती दोन्ही इंजिनं गो-डेव्हिल, माझं हरिकेन. आपल्याकडे मात्र दोघांनाही 'विलीस इंजिन' हे एकच नाव.

फरक डोळ्यांनी दिसतो. गो-डेव्हिलचं हेड सपाट असतं, कारण सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. हरिकेनच्या डोक्यावर रॉकर कव्हर असतं: इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. विलीसच्या मूळ सर्व्हिस मॅन्युअलचं पुनर्मुद्रण मागवलं, त्यात स्वच्छ लिहिलंय: इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६, इंजिन थंड असताना. म्हणजे इथे इनटेकलाच जास्त! काकांना पान दाखवलं. त्यांनी आकृती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बरोबर आहे, याला वरून दांडी आणि रॉकर आहे. तसंच बसवू."

इनटेकचं काम सोपं. एक्झॉस्टसाठी मॅनिफोल्डखालचं साइड कव्हर काढावं लागतं, हात नीट जात नाही, म्हणून ते बहुतेक वेळा राहूनच जातं. माझ्या इंजिनात तीन नंबरचा एक्झॉस्ट जेमतेम ८ थाऊवर होता. इतका घट्ट व्हॉल्व्ह गरम झाल्यावर सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो जळतो. आमचा वेळेवर वाचला. (हेड आवळणार असाल तर कार्बोरेटर उतरवा, एक हेडबोल्ट त्याच्याखाली लपलेला असतो.)

पण मॅन्युअलही डोळे मिटून वापरू नका. त्यातला सीबी पॉइंटचा (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) २० थाऊ गॅप अमेरिकन ऑटो-लाइट डेल्कोसाठी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरसाठी आहे. माझ्या गाडीवर लुकासचा डेल्को आहे, त्याला १४ ते १६. मी पहिले दोन महिने २० वरच चालवलं आणि पॉइंट सारखे का बिघडतात म्हणून कॉइल-कंडेन्सर बदलत बसलो. १५ वर आणल्यावर तो त्रास संपला. प्लगचा गॅप ३० थाऊ, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ५ अंश आधी. पुलीवरच्या खुणेवर मात्र विश्वास ठेवू नका, पन्नास-साठ वर्षांत पुली कितीदा बदलली असेल कोण जाणे. हँडल फिरवून चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र झुलतात ती जागा पकडली, म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला. माझ्या पुलीची खूण तिथून चांगली बोटभर लांब होती!

सगळ्यात उपयोगी पडलं ते साधं व्हॅक्युम गेज, इंजिनाची ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारं. पुस्तकातले १७ ते २१ इंच समुद्रसपाटीचे आहेत. दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी धरायचा. पुणं साधारण १८०० फुटांवर, तेव्हा इथे सतरावर स्थिर उभा काटा पाहून मला फार आनंद झाला. आधी तो पंधरावर थरथरत होता.

आता स्लो शांत आहे, आणि दिवेघाट चढताना गिअर एकदाच उतरवावा लागतो. इंजिन कव्हरच्या आतून मी एक पत्रा लावलाय. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या इंजिनाचा, कुठल्या डेल्कोचा, थंड की गरम, आणि कधी तपासला ते लिहिलंय. गेल्या महिन्यात तीन नंबरचा एक्झॉस्ट पुन्हा मोजला, १५ निघाला. १६ वर आणून तारीख टाकली.