व्हीएमच्या डेटा डिस्कवर ईएक्सटी४ की एक्सएफएस?

ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या लिनक्सच्या दोन फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धती. व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीन) रूट डिस्कबद्दल, म्हणजे जिच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम असते तिच्याबद्दल, डोकं शिणवू नका. डेबियन, उबुंटू ईएक्सटी४ देतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून एक्सएफएस देतं, अल्मा आणि रॉकीही तेच. इन्स्टॉलरने दिलंय ते राहू द्या. विचार करायचा तो दुसऱ्या डिस्कचा, जिच्यावर डेटाबेस, अपलोड, मेल किंवा बॅकअप बसणार आहे.

बेंचमार्कचे आलेख बघून मात्र ठरवू नका. नेहमीच्या व्हीएमवर वेग ठरतो तो खालच्या स्टोरेजवरून. या दोघांतला फरक जाणवतो तो डिस्क वाढवताना, आटवताना, फायली लाखांत गेल्यावर आणि व्हीएम आडवी झाल्यावर.

वाढवणं आणि आटवणं

वाढवणं दोन्हींत चालू स्थितीत होतं. हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) डिस्क मोठी करा, पार्टिशन असेल तर ग्रोपार्टने ताणा (डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा यांमध्ये जागा सोडायची, इथे हमखास चुकतं), एलव्हीएम (डिस्कवर लॉजिकल व्हॉल्यूम पाडणारी व्यवस्था) असेल तर पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड, शेवटी फाइलसिस्टीम. ईएक्सटी४ साठी रिसाइझ२एफएसला डिव्हाइसचं नाव द्यायचं, एक्सएफएससाठी एक्सएफएस_ग्रोएफएसला माउंट पॉइंट (डिस्क जिथे जोडलेली दिसते तो फोल्डर).

आटवायची वेळ आली की वाटा वेगळ्या होतात. ईएक्सटी४ अनमाउंट करून, ई२एफएसचेक (तपासणी-दुरुस्तीचं साधन) सक्तीने चालवून लहान करता येते. क्रम पाळायचा: आधी फाइलसिस्टीम, मग लॉजिकल व्हॉल्यूम. उलटं केलंत तर शेपटाकडचा डेटा कापला जातो. एक्सएफएस व्यवहारात आटवता येतच नाही; नवी लहान डिस्क जोडून डेटा हलवावा लागतो. म्हणून एक्सएफएसची डिस्क थोडी लहानच द्या, वाढवायला कधीही मोकळीक आहे.

त्यातही एक मेख आहे. एक्सएफएस जागेचे अलोकेशन ग्रुप, म्हणजे सारखे तुकडे, पाडते. चार टीबीपेक्षा लहान साध्या डिस्कवर सहसा ४. ग्रुपचा आकार फॉरमॅट करतानाच ठरतो, नंतर फक्त संख्या वाढते. १० जीबीच्या टेम्प्लेटवरची (नव्या व्हीएम ज्यावरून काढतात तो साचा) फाइलसिस्टीम ताणून १ टीबी केली, तर अडीच-अडीच जीबीचे ४०० च्या आसपास ग्रुप होतात. डिस्क भरत आली की मोकळी जागा शोधायला त्या सगळ्यांतून हिंडावं लागतं. एक्सएफएस_इन्फोमध्ये एजीकाउंट (ग्रुपची संख्या) बघा. डेटा डिस्क टेम्प्लेटमध्ये ठेवूच नका. मूळ आकार ठरवून तिथेच फॉरमॅट करा.

लाखो बारीक फायली

ईएक्सटी४ मध्ये आयनोडची (दर फाइलमागे लागणारी नोंद) संख्या फॉरमॅटच्या वेळीच पक्की होते: साधारणपणे दर १६ केबीमागे एक, म्हणजे १०० जीबीवर सुमारे ६५ लाख. मेलडिर (दर मेलमागे एक फाइल), सेशन फायली किंवा थंबनेलच्या सर्व्हरवर ते संपतात. मग ‘जागा शिल्लक नाही’ अशी एरर येते आणि जागा मोजणारं डीएफ मात्र निम्मी डिस्क मोकळी दाखवतं. डीएफला आयनोड दाखवायला सांगितलं की उलगडा होतो, पण तोवर उपाय उरतो तो फायली उडवण्याचा, डिस्क वाढवण्याचा किंवा पुन्हा फॉरमॅटचा. फॉरमॅट करताना ४ केबीमागे एक आयनोड मागता येतो. मात्र २५६ बाइटच्या आयनोडने सहा टक्क्यांवर जागा टेबलांतच जाते. एक्सएफएस आयनोड लागतील तसे घडवते, हा ताप तिथे जवळपास नाहीच.

ईएक्सटी४ रूट वापरकर्त्यासाठी (सिस्टीमचा मुख्य अॅडमिन) ५ टक्के जागाही राखून ठेवते. १ टीबीवर ५० जीबी! डेटा डिस्कवर ट्यून२एफएसने हे १ टक्क्यावर आणा, माउंट असतानाही चालतं.

बिघाड आणि क्लोन

बिघडलेल्या व्हीएमच्या डिस्कची प्रत त्याच टेम्प्लेटमधून निघालेल्या दुसऱ्या व्हीएमला जोडली की एक्सएफएस माउंट व्हायला नकार देते आणि ‘सुपरब्लॉक खराब’ छापाची एरर येते. डिस्क बहुधा धडधाकट असते. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक, दुहेरी असल्याची ओळ सापडेल. तात्पुरतं नोयूयूआयडी पर्यायाने माउंट करा. ईएक्सटी४ निमूट माउंट होते, आणि तेच जास्त धोक्याचं: एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) यूयूआयडी असेल तर पुढच्या बूटला दोहोंपैकी कुठली डिस्क उभी राहील याचा भरवसा नाही.

दुरुस्तीत एक्सएफएस_रिपेअर लॉग (अजून डिस्कवर पक्क्या न झालेल्या बदलांची नोंद) शिल्लक असेल तर अडून बसतं. आधी एकदा माउंट करून अनमाउंट करा, म्हणजे लॉग आपोआप लागू होतो. लॉग पुसून टाकणारा पर्याय अगदी शेवटचा, कारण त्यात नोंदलेले ताजे बदल हातचे जातात.

मग काय घ्यावं

लहान डिस्क, पुढे आटवायची शक्यता, रात्री दोनला ई२एफएसचेकवर हात बसलेली टीम: ईएक्सटी४. मोठ्या फायली, बॅकअप, अगणित बारीक फायली, किंवा मोंगोडीबी डेटाबेस (त्यांची स्वतःची शिफारस एक्सएफएसचीच आहे): एक्सएफएस. केव्हीएम होस्टवर (लिनक्सच्या हायपरव्हायजरचं यंत्र) व्हीएमच्या डिस्कच्या इमेज फायली ठेवायच्या असतील तर मी एक्सएफएसच सुचवेन. रिफ्लिंकमुळे (प्रत मूळ फाइलचेच ब्लॉक वापरते) ४० जीबीच्या टेम्प्लेटची प्रत क्षणात निघते. ईएक्सटी४ मध्ये ही सोय नाही.

एकातून दुसरीत जागच्या जागी रूपांतर होत नाही. नवी डिस्क जोडा, आरसिंक (फायली कॉपी करणारं साधन) हार्डलिंक आणि एसीएल (फायलींचे परवाने) जपणाऱ्या पर्यायांसह सेवा चालू असताना एकदा फिरवा, सेवा थांबवून दुसऱ्यांदा फिरवा, आणि एफएसटॅबमध्ये नवा यूयूआयडी लिहिताना नोफेल जोडा, म्हणजे डिस्क दिसली नाही तरी व्हीएम बूट होईल.