वेव्हमेकरचं स्पंज गार्ड : ॲनिमोनच्या टाकीत कितपत कामाचं?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशसोबत बबल-टिप ॲनिमोन (मऊ शरीराचा समुद्री जीव) ठेवायचा तर वेव्हमेकरला, म्हणजे टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाला, गार्ड हवंच. प्रकाश किंवा प्रवाह मानवला नाही की ॲनिमोन जागा सोडतो, रात्रीत सरकतो आणि पंख्यात ओढला जातो. त्याच्या चिंध्या कुजल्या की अमोनिया वाढतो आणि मासेही दगावतात.

हे काम स्पंज गार्ड चोख करतं. प्लास्टिकच्या जाळीच्या फटींतून ॲनिमोनचे टेंटॅकल्स (बोटांसारखे मऊ अवयव) आत जातात, स्पंजमधून नाही. मोठ्या छिद्रांचाच घ्या; बारीक स्पंज दोन दिवसांत चोंदतो, पंपावर ताण येतो आणि प्रवाह मंदावतो. मोठ्या छिद्रांचाही दर ४-५ दिवसांनी धुवावा लागतो, नाहीतर अडकलेला कचरा नायट्रेट वाढवतो. दोन स्पंज आलटून पालटून वापरणं सोयीचं. खरी उणीव म्हणजे गार्डचं इलॅस्टिक लवकर सैल पडतं. प्लास्टिकचा झिप-टाय लावाच. ओव्हरफ्लो (टाकीतलं जादा पाणी बाहेर जाण्याची जागा) आणि हीटर यांना हे बसत नाही, त्यांचं वेगळं बघा.

ॲनिमोन सतत फिरतोय? मग गार्डला दोष देऊ नका. आधी पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २५-२६ अंश आणि टाकीचं वय तपासा. सहा महिन्यांच्या आतली टाकी कच्चीच.