फोर्ड एफ-२५०: बिलस्टीन ५१०० की रँचो आरएस ९००० एक्सएल?

एफ-२५० या जड पिकअप ट्रकला या दोनपैकी कोणते शॉक (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घ्यावेत, हा प्रश्न आहे. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो: वजन शॉक उचलत नाहीत, स्प्रिंग आणि पाटे उचलतात. ट्रेलर जोडल्यावर एफ-२५० ची मागची बाजू बसत असेल तर पैसे हेल्पर एअरबॅगवर (मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या फुग्यांवर) घाला. गाडी उसळते, डोलते, तेव्हाच शॉकचा विचार करा.

बिलस्टीन ५१०० मोनोट्यूब आहे. ४६ मिलीमीटरचा पिस्टन, एकच नळी, आणि तेल व दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते. लांब घाटात ट्रेलर ओढताना हेच महत्त्वाचं ठरतं. तापलेला साधा शॉक तिथेच ढिला पडतो. खोट मात्र एकच: नळीला दगडाचा खोल पोचा आला तर आतला पिस्टन अडकू शकतो.

रँचोला ९ टप्प्यांचा नॉब आहे. रिकाम्या गाडीला मऊ, भरलेल्या गाडीला कडक. रिकामी एफ-२५० किती हाडं खिळखिळी करते, हे चालवणाऱ्याला विचारा! पण प्रत्येक वेळी खाली वाकून नॉब फिरवावा लागतो, आणि अमेरिकेतल्या बर्फाळ राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो जाम होऊ शकतो.

ट्रेलर कायम मागे असेल तर मी बिलस्टीनच घेईन. आठवडाभर रिकामी आणि अधूनमधून भरलेली गाडी असेल तर रँचो.

स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी ट्रॅक बारचे (पुढचा अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि चाकं वळवणारे बॉल जॉइंट तपासा. नवे शॉक तो दोष काढत नाहीत.