तोंड न मोजता पैसे मोजून घेतले

गेल्या पावसाळ्यात माझ्या तोंडात नीट घास जाईनासा झाला. पोळीचा तुकडासुद्धा दुमडून, बोटाने आत सारावा लागे. नागपुरातील एका खासगी दवाखान्यात गेलो, तेव्हा तेथील डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात क्षणभर पाहिले, जबड्याचा एक एक्स-रे काढला आणि सांध्यातील चकती सरकल्याचे सांगून, रात्री दातांवर बसवायचा स्प्लिंट व लेझरच्या 10 बैठका असे 42,000 रुपयांचे पॅकेज पुढे केले. सगळी रक्कम आगाऊ भरल्यास 4,000 रुपये सूट होती. मी ती भरली.

साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, चकती दिसत नाही, तिच्यासाठी एमआरआय करावा लागतो, हे मला फार उशिरा कळले. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाता का, असे तेथे कोणी विचारले नाही. पत्नी शेजारीच बसलेली असल्याने मीही आपण होऊन तोंड उघडले नाही, एवढा दोष माझा. प्रत्येक बैठकीनंतर ‘फरक पडतोय’ असे सांगितले जाई, परंतु पहिल्या दिवशी तोंड किती उघडत होते याची नोंदच नसल्याने तो फरक कशाच्या तुलनेत होता, हे आजही मला समजलेले नाही. तिखटाने तोंडाची आग होते असे मी दोनदा सांगितले, तर ॲसिडिटीची गोळी मिळाली. असे पाच महिने गेले आणि त्या पाचही महिन्यांत माझा खर्रा चालूच होता.

शेवटी शासकीय दंत महाविद्यालयात केस पेपर काढला. तेथील शिकाऊ डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला तो खर्ऱ्याचा, आणि मग वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून 19 मिलिमीटर असा आकडा लिहिला. निरोगी मोठ्या माणसाचे तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडते, म्हणजे त्याची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात. माझी दोनही जात नव्हती. तिने कानापुढे दाबून पाहिले, तर दुखले नाही. जबडा उघडताना कटकट वाजत नव्हता, एका बाजूला वळतही नव्हता. मग गालाच्या आत बोट फिरवून तिने मलाही तसे करायला लावले, तेव्हा सुतळी ताणून बांधावी तसे उभे कडक पट्टे माझ्याच बोटाला लागले. आरशात पाहिले तर आतली त्वचा पांढुरकी पडलेली होती. सुपारीमुळे होणारा हा सबम्युकस फायब्रोसिस कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो, हे वरिष्ठांनी सांगितले आणि गालाच्या आतला छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. सांधा बिघडलेलाच नव्हता, तेव्हा त्या स्प्लिंटचा उपयोग होण्याचा प्रश्नच नव्हता.

पैसे परत मागितल्यावर त्या दवाखान्याने कोऱ्या कागदावरच्या पावतीकडे बोट दाखवले. तिच्यावर निदान नव्हते, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी निदान, मिलिमीटरमधील मोजमाप आणि नोंदणी क्रमांक लेखी मागून घ्यावा, असे मी आता भेटेल त्याला सांगतो. जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते. माझा अर्ज दाखल झाला आहे. खर्रा सुटला आहे, गालात इंजेक्शने चालू आहेत आणि आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकेक वाढवत करायच्या व्यायामाने तोंड 24 मिलिमीटरपर्यंत आले आहे. पूर्वीइतके ते उघडेल असे कोणी म्हणालेले नाही.