रानडुकराचे मांस: तपासणी, गोठवण की पुरेशी उष्णता?

रानडुकराच्या मांसातून माणसापर्यंत पोहोचणाऱ्या परजीवींमध्ये ट्रायकिनेला या सूत्रकृमीची धास्ती सर्वाधिक घेतली जाते, आणि ती अनाठायी नाही. बाधित जनावर धष्टपुष्ट दिसते, मांसाचा रंग वा वास बिघडलेला नसतो आणि स्नायूत वेटोळे करून बसलेली, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची अळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मांस ताजे असल्याचा दिलासा म्हणूनच येथे कामाचा नाही. ज्याला असे मांस खायचे किंवा खाऊ घालायचे आहे, त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. मात्र त्यांची विश्वासार्हता सारखी नाही.

पहिला मार्ग प्रयोगशाळेतील तपासणीचा. श्वासपटल, जीभ किंवा पुढच्या पायाच्या स्नायूचा नमुना पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कोमट द्रावणात विरघळवून मोकळ्या झालेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधल्या जातात. युरोपीय संघाच्या नियमांत पाळीव डुकरासाठी १ ग्रॅम, तर रानडुकरासाठी ५ ग्रॅम मांस या पद्धतीने तपासावे लागते. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये मांसाचा तुकडा दाबून पाहण्याची जुनी पद्धत सोपी असली, तरी ट्रायकिनेला स्यूडोस्पायरॅलिस या प्रजातीच्या अळीभोवती कोशच तयार होत नसल्यामुळे ती अळी या पद्धतीच्या नजरेतून सहज निसटते. अहवाल निर्दोष आला, तरी त्याचा अर्थ मर्यादित असतो: टॉक्सोप्लाझ्मा या मांसातूनच पोहोचणाऱ्या आणि गर्भालाही घातक ठरू शकणाऱ्या दुसऱ्या परजीवीबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही.

दुसरा मार्ग गोठवण्याचा. घरोघरी सर्वांत सोयीचा वाटणारा हाच मार्ग सर्वांत फसवा आहे. पाळीव डुकराच्या १५ सेंटीमीटरपर्यंत जाडीच्या मांसासाठी उणे १५ अंश सेल्सिअसला २० दिवस, हा आकडा अनेकांना ठाऊक असतो आणि ट्रायकिनेला स्पायरॅलिस या प्रजातीपुरता तो बरोबरही आहे. परंतु तोच नियम रानडुकराला लावणे ही चूक ठरते, कारण रानडुकरात आढळणारी ट्रायकिनेला ब्रिटोव्ही ही प्रजाती थंडी बऱ्यापैकी सोसते. शिकारीच्या मांसासाठी गोठवणीवर विसंबू नये, असे आंतरराष्ट्रीय ट्रायकिनेलोसिस आयोगाचे मत त्यामुळेच आहे. गंमत अशी, की टॉक्सोप्लाझ्माच्या पुटिका मात्र काही दिवसांच्या कडक गोठवणीने बहुतांशी निकामी होतात. म्हणजे तपासणी जेथे मौन बाळगते, तेथे गोठवण थोडी उपयोगी पडते.

तिसरा मार्ग शिजवण्याचा, आणि माझा कौल निःसंशय याच मार्गाला आहे. तुकड्याच्या गाभ्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापमान पोहोचले, तर ट्रायकिनेला आणि टॉक्सोप्लाझ्मा या दोहोंचा निकाल लागतो. अळी कोणत्या प्रजातीची आहे, याची चौकशी करावी लागत नाही. अट एवढीच, की तापमान अंदाजाने ठरवू नये. मांसाचा गुलाबीपणा गेला, ही खूण पुरेशी नाही. गाभ्यात खुपसायचा तापमापकच हवा. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सारखी पसरत नसल्याने त्यावर विसंबू नये. खारवणे, धुरी देणे आणि वाळवणे यांचीही खात्री देता येत नाही, म्हणून त्यांना मी पर्यायांत धरलेले नाही.

मांस पुरते शिजवूनच खायचे असेल, तर तपासणी ही जादा खबरदारी ठरते, आणि कच्चे मांस हाताळताना सुरी, पाट व हात लगेच धुणे तरीही आवश्यक राहते. मात्र न शिजवता खायचे पदार्थ करायचे असतील, तर या तपासणीला बगल देता येत नाही, आणि गर्भवती स्त्रीसाठी ती केल्यावरही असे पदार्थ टाळलेलेच बरे. कच्चट मांस आधीच खाल्ले गेले असेल आणि त्यानंतर ताप, स्नायूदुखी व पापण्यांवर सूज आली, तर डॉक्टरांना रानडुकराच्या मांसाचा उल्लेख आवर्जून करावा, कारण अल्बेंडाझोलसारखी औषधे अळ्या स्नायूंत स्थिरावण्यापूर्वी अधिक गुणकारी ठरतात.