सी-स्पॅनचा व्हिडिओ संग्रह: खोट्या कळवळ्याला उत्तर देण्याच्या सरावासाठी

निवडणुकीच्या उमेदवाराची जाहीर वादासाठी (डिबेटसाठी) तयारी करून घेणाऱ्यांनी अमेरिकेच्या सी-स्पॅन वाहिनीचा ऑनलाइन संग्रह जरूर वापरावा. अध्यक्षीय वाद इथे पूर्ण आणि फुकट मिळतात.

सुरुवात २२ ऑक्टोबर २०२० च्या नॅशव्हिलच्या वादापासून करा. बायडन घरच्या टेबलाभोवती बसलेल्या कुटुंबांच्या चिंतेबद्दल बोलतात आणि ट्रम्प ते ठरावीक राजकारण्याचं बोलणं म्हणून झिडकारतात. शेरा झणझणीत आहे, पण कळवळा खोटा ठरवला तरी घरखर्चाची ओढाताण खरीच राहते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच उडवून लावलं.

मग १९९२ चा रिचमंडचा वाद लावा, आधी आवाज बंद करून. थोरले बुश घड्याळ बघतात. क्लिंटन प्रश्न विचारणाऱ्या बाईंजवळ जातात आणि देशाच्या आर्थिक अडचणीचा तिच्यावर काय परिणाम झाला, हे तिलाच विचारतात. पुढे बंद पडलेल्या कारखान्यांतल्या ओळखीच्या माणसांबद्दल बोलतात. हा भाग तीनदा तरी बघावा.

सराव ९० सेकंदांचा ठेवा. पहिली १५ सेकंदं प्रश्नकर्त्याकडे बघून त्याची अडचण त्याच्याच शब्दांत मांडायची, पुढची ४५ स्वतःच्या एकाच उपायाला द्यायची, आणि उरलेल्या वेळात त्याच विषयावरचं प्रतिस्पर्ध्याने सभागृहात केलेलं एक मतदान तारखेसह सांगायचं. ‘नक्राश्रू’ हा शब्द अजिबात नको. हेतूवर बोट ठेवलं की वाद भांडणावर घसरतो.

व्हिडिओखालचा मजकूर मात्र न तपासलेल्या सबटायटल्सचा असतो. अवतरण घेण्याआधी तो आवाजाशी ताडून पाहावा.